फुल फ्रेम घेतल्यावर ग्रुप फोटोतली मागची रांग सॉफ्ट का येते आणि त्यावर काय करावे

क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा विकून मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम घेतला की पहिल्या दोन-तीन लग्नांतच एक अडचण हमखास समोर येते. जोडीचे फोटो आधीपेक्षा उठावदार येतात, मंद उजेडातले विधी स्वच्छ दिसतात, पण स्टेजवरच्या ग्रुप फोटोत पुढची रांग लख्ख आणि मागची रांग सॉफ्ट निघते. ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचे सेटिंग, तेच, अंतर तेच, माणसे उभी करण्याची पद्धतही वर्षानुवर्षांची. वरवर पाहता बदललेली असते ती फक्त बॉडी. साहजिकच संशय आधी लेन्सवर जातो, मग ऑटोफोकसवर आणि शेवटी दुकानदारावर. बहुतेक वेळा या तिघांपैकी कोणाचाही दोष नसतो.

माझ्यावर ही वेळ साताऱ्याकडच्या एका लग्नात आली. नवरीकडचे पंधरा जण तीन रांगांत होते: पुढे खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी, त्यांच्या मागे काका-काकू आणि सर्वांत मागे स्टेजच्या पायरीवर मामा व भाऊमंडळी. रात्री घरी मोठ्या पडद्यावर फोटो शंभर टक्क्यांवर उघडला, तेव्हा पुढे बसलेल्या आजीबाईंच्या नथीतले मोती मोजता येत होते. मात्र त्यांच्या बरोबर मागे, जेमतेम सव्वा मीटरवर उभ्या असलेल्या मामांच्या फेट्याची जरतारी किनार कुठे संपते आणि कपाळ कुठे सुरू होते, हे सांगता येत नव्हते. लेन्स दुरुस्तीला पाठवली. आठ दिवसांनी ती 'दोष नाही' असा शेरा घेऊन परत आली, आणि तो शेरा अगदी खरा होता.

माझा जुना कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे क्रॉप सेन्सरचा होता आणि ग्रुपसाठी त्यावर ३५ मिमीची लेन्स असे. नव्या फुल फ्रेमवर साधारण तेवढीच चौकट मिळावी म्हणून मी ५० मिमी लावली. लेन्स बदलायची हे सुचले, पण ॲपर्चर मात्र सवयीने एफ ४ वरच ठेवले. पुढचा सारा हिशोब या एका विसंगतीचा आहे.

आधी दोष नेमका कोणता, ते ठरवावे

फोटो सॉफ्ट येण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा असतो, त्यामुळे सेटिंगला हात लावण्यापूर्वी बिघडलेला फोटो शंभर टक्क्यांवर उघडून नीट वाचावा. लग्नाच्या फोटोत यासाठी एक आयती मोजपट्टी मिळते, ती म्हणजे स्टेजवर सांडलेल्या अक्षता. खुर्च्यांच्या पायांशी आणि ग्रुपच्या दोन्ही बाजूंना गालिच्यावर पडलेले दाणे पुढून मागे पाहत जावेत. ठरावीक पट्ट्यात दाणा न् दाणा वेगळा दिसत असेल आणि मागे जाताना ते हळूहळू एकमेकांत मिसळत असतील, तर फोकस लागलेला आहे, फक्त स्पष्टतेचा पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, तोकडा पडला आहे. हा लेख त्याच दोषाविषयी आहे.

पुढची रांग सॉफ्ट आणि मागच्या पडद्यावरची थर्माकोलची अक्षरे मात्र करकरीत दिसत असतील, तर फोकस चुकून मागे गेला आहे. चष्म्यांवर आणि दागिन्यांवर चमकणारे ठिपके सगळ्या फोटोभर एकाच दिशेने रेघांसारखे ओढले गेले असतील, तर हात हलला आहे. सगळे ठीक असून एखादे लहान मूलच पुसट झाले असेल, तर ते मूल हलले आहे आणि शटर १/१२५ सेकंदापेक्षा वेगवान ठेवायला हवे. तिन्ही रांगांतली फक्त कडेची माणसे सॉफ्ट असतील, तर लेन्सचे कोपरे मोठ्या ॲपर्चरला कमकुवत आहेत. क्रॉप सेन्सरवर हे कोपरे वापरलेच जात नसल्यामुळे जुनी फुल फ्रेम लेन्स तिथे निर्दोष वाटत होती, एवढेच.

सेन्सर नव्हे, छिद्र

'सेन्सर मोठा, म्हणून डेप्थ कमी' हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. व्यवहारात ते उपयोगी पडते, पण कारण म्हणून ते अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच त्यातून चुकीचे उपाय निघतात. खरे काम लेन्सच्या छिद्राचे असते.

एफ ४ हा छिद्राचा आकार नाही. ते गुणोत्तर आहे. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याला, ४ ने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ३५ मिमीच्या लेन्सवर एफ ४ म्हणजे ८.७५ मिमीचे छिद्र आणि ५० मिमीच्या लेन्सवर एफ ४ म्हणजे १२.५ मिमीचे छिद्र. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकडा एकच दिसत असला, तरी प्रत्यक्षात मी जवळजवळ दीडपट रुंद छिद्रातून फोटो काढत होतो.

याचा परिणाम मामांच्या फेट्यावर कसा होतो, ते पाहू. फेट्याच्या जरीवरच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश लेन्सच्या छिद्राकडे शंकूच्या आकारात येतो. शंकूचे टोक त्या बिंदूवर आणि पाया छिद्राएवढा. कॅमेऱ्यापासून आजीबाई ४ मीटरवर आणि मामा ५.२ मीटरवर होते, आणि फोकस आजीबाईंच्या डोळ्यांवर होता. आजीबाईंच्या पातळीवर हा शंकू जेवढा रुंद असेल, तेवढ्या जाडीच्या ठिपक्याने तो बिंदू फोटोत उमटतो. १२.५ ला १.२ ने गुणून ५.२ ने भागले की उत्तर येते २.९ मिमी. म्हणजे फेट्याचा प्रत्येक बिंदू साधारण नथीतल्या मोत्याएवढ्या कुंचल्याने रंगवला गेला होता. जरीची तार त्यापेक्षा कितीतरी बारीक असते, ती दिसणार कशी? जुन्या कॅमेऱ्यावर ८.७५ मिमीच्या छिद्राने हाच ठिपका २ मिमीचा पडत असे.

या गणितात सेन्सरचा आकार कुठेच आला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. तो येतो आडवाटेने: मोठ्या सेन्सरवर तीच चौकट मिळवायची तर लांब फोकल लेंग्थची लेन्स लावावी लागते, आणि लांब लेन्सवर त्याच एफ-आकड्याला छिद्र मोठे होते. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा, तर निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांचा एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा, रुंदीचे गुणोत्तर दीडपट. कॅननचा एपीएस-सी किंचित लहान असल्यामुळे तिथे ते १.६ धरतात. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ × १३ मिमीचा असून त्यासाठी २ हा आकडा वापरतात. म्हणून तीच चौकट आणि तीच डेप्थ हवी असेल, तर फोकल लेंग्थसोबत एफ-आकड्यालाही याच गुणकाने गुणायचे. एपीएस-सीवरचा एफ ४ फुल फ्रेमवर एफ ६ होतो. कॅमेऱ्यावर जवळचा आकडा एफ ५.६ आहे, आणि ५० ला ५.६ ने भागले तर ८.९ मिमी येतात. जुने छिद्र जवळजवळ परत मिळाले.

डेप्थ मोजण्याच्या नेहमीच्या सूत्रांनीही हेच दिसते. फुल फ्रेमसाठी ०.०३ मिमी आणि एपीएस-सीसाठी ०.०२ मिमी एवढा धूसर ठिपका सेन्सरवर पडलेला चालेल असे धरले, आणि फोकस ४ मीटरवर ठेवला, तर एपीएस-सीवर ३५ मिमी, एफ ४ ला ३.१७ पासून ५.४१ मीटरपर्यंतचा पट्टा स्पष्ट येतो. फुल फ्रेमवर ५० मिमी, एफ ४ ला तो ३.३६ ते ४.९५ मीटर एवढाच उरतो. मागची रांग ५.२ मीटरवर होती. जुन्या कॅमेऱ्यात ती पट्ट्याच्या आत बसत होती आणि नव्यात २५ सेंटीमीटरने बाहेर पडत होती. एफ ५.६ केल्यावर पट्टा ३.१५ ते ५.४७ मीटर होतो, म्हणजे जवळपास जुनाच.

मित्र सांगतो ते उलटे का असते

या विषयावर वाद निघाला की एक जण तरी छातीठोकपणे सांगतो, की त्याने तीच ५० मिमीची लेन्स दोन्ही बॉडींवर लावून, एकाच जागेवरून फोटो काढून पाहिला आहे आणि डेप्थ क्रॉप सेन्सरवरच कमी आली. तो खोटे बोलत नसतो. लेन्स तीच, एफ ४ तेच, अंतर ४ मीटर तेच, तर छिद्रही तेच १२.५ मिमीचे आणि शंकूची रुंदीही तीच २.९ मिमी. फरक एवढाच, की फुल फ्रेमच्या चौकटीत २.८८ मीटर रुंदीचे दृश्य मावते आणि क्रॉप सेन्सरच्या चौकटीत १.८८ मीटरचे. दोन्ही फोटो एकाच आकाराच्या कागदावर छापले की क्रॉपमधली माणसे दीडपट मोठी दिसतात, आणि त्यांच्यासोबत धूसरपणाही दीडपट मोठा होतो. सूत्रांनुसार फुल फ्रेमला सुमारे १.५९ मीटरचा पट्टा मिळतो, तर त्याच लेन्सने क्रॉपवर १.०४ मीटरचा.

म्हणजे दोन्ही विधाने बरोबर आहेत आणि दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. जागा आणि लेन्स कायम ठेवली तर लहान सेन्सर डेप्थ कमी करतो. चौकट आणि जागा कायम ठेवली तर तो डेप्थ वाढवतो. ग्रुप फोटोत पंधराच्या पंधरा माणसे मावलीच पाहिजेत, त्यामुळे आपल्यासाठी चौकट कायम असते आणि दुसरे विधान लागू पडते.

याच कारणाने फुल फ्रेम बॉडीवर 'क्रॉप मोड' सुरू केल्याने डेप्थ वाढत नाही. हा उपाय मला दोघांनी सुचवला होता आणि मी तो करूनही पाहिला. सेन्सरचा मधला भाग वापरला जातो, चौकट अरुंद होते, आणि कडेचे काका-काकू बाहेर जातात. त्यांना आत घेण्यासाठी ३५ मिमी लावली की छिद्र ८.७५ मिमीचे होऊन मागची रांग सुधारते खरी. पण ते ५० मिमीवर एफ ५.६ करण्याइतकेच झाले, आणि वर सेन्सरचा निम्म्याहून अधिक भाग वाया गेला.

जुन्या मॅन्युअल लेन्स वापरणाऱ्यांसाठी एक पोटदुरुस्ती. त्या लेन्सच्या नळीवर फोकसच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना कोरलेली डेप्थची मोजपट्टी ३५ मिमी फिल्मसाठी, म्हणजेच फुल फ्रेमसाठी आखलेली असते. तीच लेन्स अडॅप्टर लावून क्रॉप बॉडीवर वापरताना पट्टी भरवशाची नसते. लेन्स एफ ८ वर असेल तर पट्टीवर एफ ५.६ च्या खुणा वाचाव्यात.

दुरुस्ती: आधी फोकसची जागा, मग ॲपर्चर

आता प्रत्यक्ष उपाय. बहुतेक जण थेट ॲपर्चर लहान करतात, पण पहिला आणि फुकटातला फायदा फोकसची जागा बदलण्यात आहे. माझ्या त्या फोटोत फोकस पहिल्या रांगेवर होता, कारण मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची डोळे ओळखणारी सोय अशा वेळी बहुधा जवळचा आणि मोठा दिसणारा चेहरा निवडते, आणि तो पुढच्या खुर्चीवरचा असतो. त्यामुळे पहिल्या रांगेच्या पुढची अर्धा-पाऊण मीटर मोकळी जागा, जिथे एकही माणूस नव्हता, ती मी स्पष्टतेच्या पट्ट्यात वाया घालवली होती.

फोकस मधल्या रांगेवर, म्हणजे ४.६ मीटरवर नेला, तर त्याच एफ ४ ला मामांच्या फेट्यावरचा ठिपका २.९ मिमीवरून १.४ मिमीवर येतो. आजीबाईंच्या बाजूला आता थोडा धूसरपणा येतो, १.९ मिमीचा, पण तोही जुन्या कॅमेऱ्यातल्या मागच्या रांगेपेक्षा कमी आहे. एकही सेटिंग न बदलता सर्वांत वाईट ठिपका २.९ वरून १.९ वर आला. त्यानंतर एफ ५.६ केले की तो १.३ मिमी होतो. दोन्ही मिळून झालेला फरक नुसत्या ॲपर्चरने साधायचा तर एफ ८ च्याही पलीकडे जावे लागले असते.

हे करण्यासाठी डोळे ओळखणारी सोय ग्रुपपुरती बंद करून एकच लहान फोकस बिंदू निवडावा आणि तो मधल्या रांगेतल्या, चौकटीच्या मध्याजवळच्या चेहऱ्यावर ठेवावा. मधल्या बिंदूने फोकस धरून मग कॅमेरा वळवण्याची जुनी पद्धत इथे टाळावी, कारण कॅमेरा १५ अंश वळवला तरी ४ मीटरवर फोकसची पातळी सुमारे १४ सेंटीमीटर मागे सरकते. 'पट्ट्याचा एक तृतीयांश भाग पुढे आणि दोन तृतीयांश मागे' हा पाठ केलेला नियमही इथे कामाचा नाही. तो हायपरफोकल अंतराच्या, म्हणजे जिथे फोकस धरला की पार क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते त्या अंतराच्या, एक तृतीयांशावरच तंतोतंत खरा ठरतो. ५० मिमी, एफ ४ ला हा एक तृतीयांश सुमारे ७ मीटरवर येतो. ४ मीटरवर पुढचा भाग ६४ सेंटीमीटर आणि मागचा ९५ सेंटीमीटर असतो. तीन रांगा असतील तर दुसरी रांग धरावी, आणि दोनच रांगा असतील तर पहिल्या रांगेतला, पण खुर्चीवर जरा मागे रेलून बसलेला चेहरा धरावा.

ॲपर्चर एफ ४ वरून एफ ५.६ केल्यावर उजेड निम्मा होतो, आणि शटर कमी करणे शक्य नसते, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० ची १६०० करावी लागते. इथे अनेकांचा हात अडखळतो. नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, वाढेल या भीतीने ते पुन्हा एफ ४ वर येतात. ही भीती अनाठायी आहे. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, तर एपीएस-सीचे सुमारे ३६७, म्हणजे २.३ पटींहून अधिक, एका स्टॉपपेक्षा, म्हणजे उजेडाच्या एका दुपटीपेक्षा, थोडे जास्तच. छिद्र जुन्याइतकेच आणि शटर जुन्याइतकेच असेल, तर आत येणारा एकूण उजेडही जुन्याइतकाच असतो, आणि तुल्य पिढीच्या दोन सेन्सरांमध्ये नॉइजही साधारण तेवढाच दिसतो. ग्रुप फोटोपुरते बोलायचे तर फुल फ्रेम फुकट काही देत नाही, पण काही हिरावूनही घेत नाही. त्याचा खरा उपयोग एकट्या नवरीच्या फोटोत आहे, जिथे छिद्र मोठे करता येणे हीच चैन असते.

फ्लॅश वापरत असाल तर एका स्टॉपसाठी त्याची ताकद दुप्पट करावी लागते, हे ध्यानात ठेवून बॅटऱ्या जास्त न्याव्यात.

रांगा दाटून उभ्या करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि छायाचित्रकार संकोचाने तो करत नाहीत. 'मामा, जरा पुढे सरका, खुर्चीच्या पाठीला हात लावा' एवढे म्हटले की ६० सेंटीमीटरची फट ४० वर येते, आणि हे तिन्ही रांगांत झाले की ठिपका जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. याउलट, कडेच्या माणसांना पुढे ओढून ग्रुपचा अर्धगोल करण्याची प्रथा बंद करावी. लेन्सच्या फोकसची पातळी साधारणपणे सपाट असते, कमानीसारखी नव्हे. सगळ्यांचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर सारखे झाले म्हणजे सगळे फोकसमध्ये आले, असे होत नाही, आणि कडेचे लोक उलट पातळीच्या पुढे येतात.

कार्यालय मोठे असेल आणि मागे सरकायला जागा असेल, तर तीही वापरावी. त्याच लेन्सने, त्याच ॲपर्चरने दोन मीटर मागे गेलात, मधल्या रांगेवर फोकस धरलात आणि नंतर संगणकावर चौकट पूर्वीएवढी कापलीत, तर पुढच्या रांगेतला धूसरपणा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. मोबदल्यात २४ मेगापिक्सेलपैकी ११ च्या आसपास उरतात. अल्बमसाठी ते पुरतात, भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमसाठी पुरतीलच असे नाही.

छापणार किती मोठे, त्यावर एफ-आकडा

०.०३ मिमीचा जो ठिपका सूत्रांमध्ये धरला जातो, तो साधारण ८ × १० इंची छपाई वीतभर, म्हणजे २५ सेंटीमीटरवरून पाहिली जाईल अशा हिशोबाने ठरलेला आहे. कागदावर तो सुमारे पाव मिलिमीटर होतो. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमचा पसरलेला जोडपानी आकार १२ × ३६ इंच असतो आणि ग्रुप फोटो बहुधा एका पूर्ण पानावर, म्हणजे १२ × १८ इंचावर घेतला जातो. त्यामुळे कॅल्क्युलेटरने 'स्पष्ट' म्हटलेली मागची रांग अल्बममध्ये सॉफ्ट वाटू शकते, आणि तक्रार पुन्हा उगवते.

माझ्या मूळ फोटोत, पहिल्या रांगेवर फोकस आणि एफ ४ असताना, मामांचा ठिपका १२ × १८ च्या पानावर जवळजवळ अर्धा मिलिमीटर रुंद पडत होता. फोकस मधल्या रांगेवर नेल्यावर सर्वांत वाईट ठिपका पाव मिलिमीटरच्या आसपास येतो आणि एफ ५.६ ला ०.१९ मिमी. म्हणून अल्बमसाठी मी एफ ५.६ पुरेसे मानतो. घरच्यांनी २० × ३० इंची फ्रेम सांगितली असेल, तर तोच फोटो एफ ८ ला काढतो, आणि आयएसओ ३२०० ला जाऊ देतो.

एफ ११ च्या पुढे जाण्याचा मोह मात्र आवरावा. छिद्र फार लहान झाले की प्रकाश त्याच्या कडांवरून वाकतो आणि प्रत्येक बिंदूचा मुळातच एक ठिपका होतो. हिरव्या उजेडात तो एफ ८ ला सुमारे ०.०११ मिमी आणि एफ १६ ला ०.०२१ मिमीचा असतो. फुल फ्रेमवर एफ ११ पर्यंत तो फारसा जाणवत नाही. एपीएस-सीवर एफ १६ ला तो चालणाऱ्या ०.०२ मिमीच्याही पुढे जातो, आणि मग मागची रांग सुधारण्याऐवजी तिन्ही रांगा सारख्याच मवाळ होतात.

उलटी तक्रार

फुल फ्रेमची सवय असलेला माणूस प्रवासासाठी लहान कॅमेरा घेतो किंवा मोबाइलवर भागवतो, तेव्हा त्याची तक्रार नेमकी विरुद्ध असते: एफ १.८ असूनही मागचे काहीच पुसले जात नाही. कारण तेच आहे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची '२४ मिमी' ही फुल फ्रेमच्या हिशोबातली तुल्य फोकल लेंग्थ असते. खरी ६-७ मिमीच्या आसपास असते, आणि तिला १.८ ने भागले की छिद्र जेमतेम साडेतीन-चार मिमीचे निघते. जाहिरातीत फोकल लेंग्थ गुणून सांगतात आणि एफ-आकडा मात्र न गुणता. दोन्ही गुणले तर डेप्थच्या दृष्टीने तो एफ ६ च्या आसपासचा कॅमेरा ठरतो. पोर्ट्रेट मोड जी पार्श्वभूमी पुसतो ती गणिताने पुसतो, म्हणूनच गजऱ्यातून बाहेर आलेले केस त्यात अधूनमधून कापले जातात. गंमत अशी, की ग्रुप फोटोला हेच छोटे छिद्र वरदान ठरते, आणि पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोत मामांचा फेटा व्यवस्थित दिसतो. माझ्या त्या लग्नात तसेच झाले होते, आणि तो फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या आधी पोहोचला होता.

हे सगळे करूनही सुटले नाही तर

मग घरी, उजेडात, एकदा पडताळून पाहावे. गच्चीवर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून ४, ४.६ आणि ५.२ मीटरवर तीन स्टुले किंचित तिरक्या ओळीत मांडावीत, म्हणजे कोणतेही दुसऱ्याच्या आड जाणार नाही, आणि प्रत्येकावर जुन्या दिनदर्शिकेचे पान पुठ्ठ्याला चिकटवून उभे करावे. मधल्या पानावरच्या तारखेच्या मोठ्या आकड्यावर फोकस धरून एफ १.८ किंवा लेन्सच्या सर्वांत मोठ्या ॲपर्चरला एक, आणि मग एफ ४, ५.६ व ८ ला एकेक फोटो काढावा. मोठ्या ॲपर्चरला मधल्या आकड्याची कडा सर्वांत रेखीव आणि पुढची-मागची पाने साधारण सारखीच पुसट दिसली, तर लेन्स आणि फोकस दोन्ही ठीक आहेत. उरलेल्या तीन फोटोंत आपल्याला किती एफ-आकडा पुरतो तेही तिथेच कळते. मधले पान सोडून पुढचे किंवा मागचे पान अधिक रेखीव आले, तर फोकस खरोखर सरकलेला आहे. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांत, अनेक बॉडींच्या मेन्यूत लेन्सनिहाय फोकस दुरुस्तीची सोय असते, ती वापरून पाहावी. मिररलेस बॉडी सेन्सरवरच फोकस तपासत असल्यामुळे तिथे हा दोष सहसा येत नाही, आणि आलाच, तर फोकस बिंदू आकड्याऐवजी मागच्या कठड्यावर पडला नव्हता ना, हे आधी पाहून मगच लेन्स दुरुस्तीला पाठवावी.